कातरलेला अभ्यासक्रम

तीर्थरूप अक्का,

हातातली कात्री खाली ठेवून साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि आमच्या साडूसाहेबांचा खोकला आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही ठीक, म्हणजे जिवंत आहोत आणि रसायनशास्त्र शिकतो आहोत.

तुमची धाकटी बहीण बारावीच्या राहिलेल्या एकुलत्या एक विषयाला पुन्हा बसते आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो सुटला की तिला नर्सिंगला प्रवेश मिळेल. (चाळिशीत कशाला ही उठाठेव, असं शेजारी म्हणतात. त्यांची पॅन्ट मी मुद्दाम इंचभर आखूड शिवली.) अख्खं पुस्तक घोकू नका, अभ्यासक्रमात काय अपेक्षित आहे तेवढं बघा, असं क्लासच्या मास्तरांनी सांगितलं, म्हणून मी त्याची झेरॉक्स आणली. तर कागदाच्या कडा वाकड्या. शिंप्याच्या घरात वाकडी कड कशी चालेल? मी चारी बाजू सरळ कातरून तो भिंतीला टाचला.

मग काय, घराची शाळा झाली. 'स्पष्ट करा' असेल ते ती मला स्पष्ट करी, 'तुलना करा' आलं की आम्ही भांडत असू आणि 'रचना काढा'ला मी खडूने वकीलसाहेबांच्या कोटाच्या कापडावरच रचना काढली (ती अजून निघत नाही). टेरिलीन कसं बनतं हे कळल्यापासून मी पॅन्टपीसशीही अदबीने वागतो.

काल मास्तर सदरा न्यायला आले आणि भिंतीपाशी थबकले. "अहो, हा तर वगळलेला भाग. वर तसं छापलेलं असतं." होतं खरं, मी कातरलेल्या पट्टीवर; चिंध्यांच्या पोत्यात सापडली. अक्का, मला रडूच आलं. ही बाई महिनाभर पहाटे उठून नको तेच शिकली. ती पास व्हावी, यापलीकडे मला काही नको.

आपल्या बहिणीचा नवरा

ता. क. तिला अजून सांगितलेलं नाही. बोर्डाने ऐनवेळी बदल केला, असं तुम्हीच फोन करून सांगा. तुमचा शब्द ती मोडत नाही.

दुसरा ता. क. संशय नको म्हणून पत्र तिच्याच हाती पोस्टात धाडतो आहे.

तिसरा ता. क. अक्षरावरून ओळखलं असशीलच. अक्का, क्लासमध्ये अख्खा अभ्यासक्रम मिळालाय, खरा भाग मी पहाटे उठून कधीच संपवला. भिंतीवरचा संध्याकाळी ह्यांना शिकवते. लग्नानंतर इतकं मन लावून हे माझं पहिल्यांदाच ऐकताहेत. परीक्षा होईपर्यंत फोन करू नकोस.