मिगच्या नाकापुढची दांडी

माय, एकच विचारायचं आहे. त्या पोळ्याला मातीच्या बैलाचं शिंग तू चुकून मोडलंस की मुद्दाम? इतकी वर्षं मी चुकूनच असं धरून होते. आता मी तुझ्याहून म्हातारी झाले, आणि माझ्या घरात तसंच काहीतरी घडलं, म्हणून शंका आली.

माझा मुलगा, तू न पाहिलेला तुझा नातू, इथून जवळच खडोलीला प्लास्टिकच्या कारखान्यात मशीन चालवायचा. मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली, पण पोरगा तो हात खिशात घालून बसला तो बसलाच. जेवायचंसुद्धा डाव्या हाताने. नरोलीच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या टेबलावर काम मिळत होतं, तर म्हणे, "लोक हाताकडे बघतात." मी म्हटलं, "मग काय तुझ्या तोंडाकडे बघायचं? तिथे तरी काय ठेवलंय?" हसला नाही. एरवी मला उलट दोन ऐकवल्याशिवाय राहायचा नाही. तेव्हा मात्र मी घाबरले. आपला मुलगा भांडायचा थांबला की घरात माणूस उरत नाही गं.

मग नातीने बापासाठी खोकं मागवलं. आपल्या हवाई दलाचं जुनं लढाऊ विमान, मिग, वीतभर लांब. पण तयार नाही. सगळे तुकडे प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले. एकेक कापायचा, घासायचा, जोडायचा, रंगवायचा. मी म्हटलं, "पैसे देऊन मोडकं आणलंस होय गं?" ती म्हणाली, "आजी, तू गप बस आणि पप्पांना तुकडे कापून दे." ते काम मला येतं. टोकरखाड्याच्या या खोलीत राहायला आल्यापासून पाठ वाकेपर्यंत मी कारखान्यात तेच केलं. साच्यातून झाकण निघालं की त्याच्या कडेला आलेलं जादा प्लास्टिक ब्लेडने उडवायचं. सुपरवायझर डोक्यावर उभा, "मौसी, नोक नहीं दिखनी चाहिए." हाताला तेवढंच कळतं. तर विमानाच्या नाकातून एक लांब बारीक दांडी बाहेर आलेली दिसली, आणि मी ती मुळापासून साफ केली. वर अंगठा फिरवून बघितला, गुळगुळीत.

माय, तो जो ओरडला! "आई, डोकं ठिकाणावर आहे का? मिगची ओळखच ती आहे! हवेचा वेग मोजायची नळी असते ती!" शेजारची बाई दारात आली. मी मान खाली घातली, पण आतून म्हटलं, ओरड बाबा, आणखी ओरड. मग त्याने उरलेल्या चौकटीची एक काडी तोडली, मेणबत्ती लावली, काडी ज्योतीवर धरून मऊ केली आणि दोन्ही टोकांनी ओढली. ओढल्यावर तिची दोऱ्यासारखी तार निघते. ते एका हाताचं काम नाही. उजवा हात केव्हा बाहेर आला ते त्याला कळलं नाही. मला कळलं. तार तुटली, पुन्हा ओढली. चौथ्या-पाचव्या काडीला जमलं. दांडी जरा वाकडी बसली आहे, पण आहे.

मला तेव्हा आपलं घर आठवलं. आपला बैल मेला होता, गाडी उभी होती आणि बा भिंतीकडे तोंड करून खाटेवर. पोळा आला. तू मातीची जोडी केलीस, पाटावर ठेवताना एकाचं शिंग मोडलं. बा उठून बसतो, बघतो, म्हणतो, "तुना हात जड शे." बाहेर जातो, बाभळीचे काटे आणतो आणि मातीत शिंगं बसवतो. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याची गाडी हाकायला गेला. आणि जड हात म्हणे तुझा! खापरावर मांडे टाकायचीस तू, कोपरापर्यंत पसरलेला मांडा कधी फाटला नाही तुझ्या हातून.

मुलाचं दुसरं विमान पंख्याचं होतं, मिगहूनही जुन्या लढाईतलं. ते अर्धं झालं आणि एक दिवस हा नरोलीच्या त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आत न शिरता परत आला. विमान तसंच पडलं. हात पुन्हा खिशात. चार दिवस मी बघितलं. मग तो अंघोळीला गेला तेव्हा विमानाच्या पाठीवरची एरियलची बारीक काडी उडवली. बाहेर आला, विमान उचलून डोळ्याजवळ नेलं.

"आई, हे तुटलेलं नाही. कापलेलं आहे."

"मला काय माहीत. मांजर आलं असेल."

"मांजर ब्लेड वापरतं?"

मी डाळ निवडत राहिले. त्याने कापावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी ब्लेड नवं घे. काप वाकडा आलाय." आणि मेणबत्ती मागितली.

सोमवारपासून नरोलीला जातो. डबा उजव्या हातात असतो. लोक बघतात म्हणे; बघू देत. संध्याकाळी येतो आणि भाजीत मीठ नाही म्हणून माझ्याशी भांडतो.

तेव्हा शिंगाचं बाच्याही लक्षात आलंच असणार, नाही का? तुम्ही दोघं त्यावर एक शब्द बोलला नाहीत, आणि आता विचारायला कोणी उरलं नाही. हा कागद विमानाच्या रिकाम्या खोक्यात ठेवते. आणि माय, एक तुलाच सांगते. मिगची दांडी माझ्याकडून खरंच चुकून कापली गेली होती. नातीला मात्र मी सांगितलंय, तीही मुद्दामच कापली.