मदत तत्त्वतः मान्य

सोमवार, ४ जून. सकाळी ७.१०

परदेशातला पहिला दिवस. भाड्याची गाडी ताब्यात घेतली. स्टिअरिंग चिकट. आधीच्या माणसाने काय खाऊन हात पुसले होते, त्यालाच ठाऊक. सीटखाली कोणीतरी चघळून चिकटवलेलं च्युइंगगम. शी! रुमालाने काढलं आणि रुमालही टाकून दिला.

लेकीचं गाव इथून तीन दिवसांच्या रस्त्यावर. ती म्हणत होती, ट्रेनने या. ट्रेनने काय, कोणीही येतं.

लेकीला आठवा महिना. आईने सहा महिने राहावं असा तिचा हट्ट. पण लेकीच्या गावाजवळच्या विमानतळावरून परतीची दोन्ही तिकिटं, २५ तारखेची, माझ्या खिशात आहेत. राहायचं की परतायचं ते तिकडे पोचल्यावर सांगते, असं बायको म्हणाली. त्यात सांगायचं काय? चौतीस वर्षांत ही मला सोडून कुठे राहिलेली नाही. माझं बनियन कुठल्या कप्प्यात असतं हे मला आजही माहीत नाही. यावरूनच तिचा माझ्यात किती जीव आहे ते कळतं.

संकल्प: प्रवासात चिडायचं नाही.

दुपारी १२.३०

चिडलो. वळताना सिग्नल द्यायला जावं तर वायपर चालू होतो. कडक ऊन आणि मी काच पुसतोय. मागचे हॉर्न वाजवतात.

रस्त्याकडेला गाडी बंद पडलेलं एक जोडपं दिसलं. बाई हात करत होती, तिचा नवरा टायरला लाथा घालत होता. ही म्हणाली, थांबा. मी थांबलो नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पत्रकात स्पष्ट छापलंय की, अनोळखी लोकांसाठी थांबताना सावध राहावे. ही म्हणाली, सावध राहा म्हणजे थांबू नका असं कुठे लिहिलंय? बत्तीस वर्षं सरकारी कागद वाचलेत मी. त्याचा अर्थ तोच होतो.

त्यानंतर ही तासभर खिडकीबाहेर बघत बसली. देखावा छान होता.

रात्री ८.००

मोटेल. बाथटबमध्ये केस. माझा नव्हे, माझे मोजता येतात. उशीला दुसऱ्याच्या डोक्याचा वास. बनियनची गुंडाळी करून त्यावर डोकं ठेवलं. बनियन हिने काढून दिलं.

उद्या पुन्हा वाद नको म्हणून धोरणच लिहून काढलं. बंद पडलेल्या वाहनधारकांना मदत करणे तत्त्वतः मान्य. प्रत्यक्ष मदत योग्य वेळी, योग्य स्थळी व योग्य व्यक्तीस. योग्य कोण, हे मी ठरवणार. तोवर नजर समोर. एकदा डोळ्याला डोळा भिडला की माणूस अडकला. ऑफिसात खिडकीवर बसून मी आयुष्यभर हेच पाळलं, म्हणून तर हेडक्लार्क झालो.

हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही म्हणाली, झोपा आता.

मंगळवार, ५ जून. दुपारी २.००

आज मदत केली. म्हणजे करावी लागली. एक म्हातारा, गाडीतून वाफ निघतेय. ही म्हणाली, थांबा, नाहीतर मी इथेच उतरते. थांबलो.

म्हाताऱ्याच्या दाढीत पावाचा चुरा. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. मी योग्य अंतरावर उभा राहून मार्गदर्शन केलं. त्याला भाषा कळत नव्हती म्हणून आवाज वाढवला. हिने आपल्या पिण्याच्या दोन्ही बाटल्या त्या इंजिनात ओतल्या, वर स्वतःच्या पदराने झाकण पुसून दिलं. दोघं कशावर तरी खो खो हसत होते. हिला त्याची भाषा येत नाही, त्याला हिची येत नाही. मग हसण्यासारखं काय होतं? विचारलं तर म्हणाली, तुम्हाला नाही कळायचं.

माझ्या मार्गदर्शनाखाली गाडी सुरू झाली. जाताना म्हाताऱ्याने मला मिठी मारली. घाम थेट माझ्या कॉलरपर्यंत. गाडीच्या दाराआड उभं राहून शर्ट बदलला. किळस अजून गेलेली नाही.

मदतीचा कोटा संपला. आता लेकीच्या दारापर्यंत गाडी थांबणार नाही. फक्त बाथरूमसाठी.

बुधवार, ६ जून. दुपारी १२.२०

आता एका पेट्रोल पंपावर. सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस माझा आहे.

साडेदहाला महामार्गावरच्या कँटीनला थांबलो होतो. पुढच्या सीटवर ऊन येतं म्हणून ही सकाळपासून मागे उशी-शाल घेऊन आडवी. मी एकटाच आत गेलो. कॉफीच्या कपाला दुसऱ्या कोणाच्या लिपस्टिकचा ठसा! मॅनेजरला बोलावलं. बारा मिनिटं भांडलो. त्याने दुसरा कप दिला, त्यालाही ठसा. कॉफी तिथेच ठेवून ताडताड बाहेर आलो आणि गाडी काढली.

मग बोलायला सुरुवात केली. कँटीन, जावई, इथली अस्वच्छता आणि हिने २५ तारखेला माझ्याबरोबर परत येणंच कसं शहाणपणाचं आहे, सगळं मुद्देसूद सांगितलं. सलग दीड तास. लग्नानंतर पहिल्यांदा हिने मध्ये तोंड न घालता ऐकून घेतलं. मूक संमती. परतीचा विषय मिटला असं समजतो.

फोन सारखा वाजत होता. अनोळखी नंबर. परदेशात असे फोन घ्यायचे नसतात, लुबाडतात. बंद करून टाकला. मग हिच्या पर्समधला वाजू लागला, तर हिनेही उचलला नाही. माझ्या संगतीत शहाणी झाली.

एक व्हॅन मागे लागली होती. बाजूला नळाचं चित्र, म्हणजे प्लंबर. दिवे काय मारतो, हॉर्न काय वाजवतो! खिडकीतून हात काढून काय काय ओरडत पुढे निघून गेला. पंधरा मिनिटांनी बघतो तर तीच व्हॅन रस्त्याकडेला, पुढून भसाभस वाफ. बरी खोड मोडली! प्लंबर हात करत होता. शेजारी कोणी बाई होती, तिने तर पायातली चप्पल काढून हवेत फिरवली. नमुने सगळीकडे सारखेच. मी धोरणाप्रमाणे नजर समोर ठेवली. ही जागी असती तर थांबायला लावलं असतं.

शाल डोक्यावरून ओढून अजून झोपलीय. उठवत नाही. मोठं मन लागतं त्याला.

१२.४०

पाणी देऊ म्हणून दार उघडलं. उशी आहे. शाल आहे. पर्स आहे. ही नाही.

१२.४१

सीटखालीही पाहिलं.

संध्याकाळी ७.३०. लेकीचं घर

चप्पल फिरवणारी बाई कोण होती ते तेव्हा लक्षात आलं. परत वळायला पुढे बावीस किलोमीटर जावं लागलं. सिग्नल दिला तर वायपर, वायपर बंद केला तर सिग्नल. मी घाबरलो होतो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?

पोचलो तर व्हॅनमागे तीन गाड्या थांबलेल्या. एक जण पाणी ओततोय, एक जण पाइपला पट्टी गुंडाळतोय. ही प्लंबरच्या उलट्या बादलीवर बसलेली, मांडीवर कोणाचं तरी शेंबडं पोर, हातात कोणाची तरी बिस्किटं. मी उतरलो. मदत करण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं.

ओरडेल असं वाटलं होतं. ही म्हणाली, पर्स आणलीत का? मी दिली. मग कळलं की मी कॉफीवरून भांडत होतो तेव्हा ही उतरून बाथरूमला गेली होती, आणि मी निघून गेल्यावर प्लंबरने हिला व्हॅनमध्ये घेऊन माझा पाठलाग केला; फोनही त्याच्याच नंबरवरून. पुढेही ही व्हॅनमध्येच बसली, कारण प्लंबरला लेकीच्याच गावात काम होतं. मीही आक्षेप घेतला नाही. एका गाडीपेक्षा दोन गाड्या बऱ्या. व्हॅनच्या मागून गाडी चालवत आलो.

शुक्रवार, ८ जून

दोन दिवस ही जेवलात का, औषध घेतलंत का, एवढंच बोलत होती. आज इस्त्री करता करता बोलली. म्हणाली, विसरलात त्याचं काही नाही, माणूस विसरतो. पण रस्त्यात एक बाई हात करतेय तर ती कोण आहे, एवढं तरी बघायचं.

मी धोरण समजावून सांगायला लागलो. हिने इस्त्री उभी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो.

ही राहणार. सहा महिने. नंतर येशील ना, असं विचारलं तर म्हणाली, बघू.

खिडकीवर मी हजारो लोकांना बघू म्हणून परत पाठवलंय. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

सोमवार, २५ जून. सकाळी ११.००. विमानतळ

हिला इथे ठेवण्याचा निर्णय मी घेतला, असं घरी गेल्यावर सांगायचं ठरवलंय. लेकीची गरज मोठी. हिने बॅग भरून दिली आणि बनियनं कुठल्या कप्प्यात आहेत ते चिठ्ठीवर लिहून दिलं. दारापर्यंत आली.

वाटेत कडेला एक गाडी बंद पडलेली. शेजारी एक बाई, हात करतेय. टॅक्सीवाल्याने मला न विचारता ब्रेक मारला. तो पट्टा सोडेपर्यंत मी उतरून धावत निघालो होतो.

जवळ गेलो. आधी चेहरा पाहिला. नीट पाहिला.

दुसरीच कोणीतरी होती. गाडी ढकलली. हात कोपरापर्यंत काळे झालेत, इथल्या साबणाने निघत नाहीत.