पेनाची रेघ

शनिवार, ९ मे

आज तिने पट्ट्यांचा डबा माझ्या हातात दिला! म्हणाली, उद्या मी सुट्टीवर, चीजची तपासणी तू कर. कॉलेजात ती माझ्या दोन बाकं पुढे बसायची. ती पदवी घेऊन या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आली. मी सरांच्या टेबलावर जर्नल आपटून कायमचा घरी आलो, आणि आता तिच्याच बाटल्या धुतो. तरी माझ्यावर विश्वास!

काम सोपं. चीजचा तुकडा घालून रात्रभर उबेत ठेवलेल्या पाण्याचे तीन थेंब पट्टीवर टाकायचे. पट्टीत सोन्याचे कण असतात – केसाहून हजारो पटींनी बारीक. इतकं बारीक सोनं लाल दिसतं. वरची लाल रेघ उमटली की पट्टी चालू आहे. खालचीही उमटली, तर चीजमध्ये जंतू.

संध्याकाळी ती मेकॅनिकशी हसत उभी होती. बराच वेळ! माझं डोकंच फिरलं. दार आपटून निघालो. जाताना वहिनीसाठी चीजचा एक डबा पिशवीत टाकला, न विचारता. सहावा महिना, तिला सारखं तेच हवं असतं.

रविवार, १०

पट्ट्यांचा डबा रात्रभर उघडाच राहिला – बाटल्या धुण्याच्या वाफेशेजारी. तीन पट्ट्या लावून पाहिल्या. एकीवरही रेघ नाही. सगळ्या सादळल्या.

फोन काढला. सांगणार काय? तू हसलीस म्हणून झाकण लावायचं राहिलं?

लाल पेनाने वरची रेघ ओढली. पट्टी वहीत चिकटवली. लिहिलं – जंतू नाहीत.

सोमवार, ११

तिने वही उघडली, मिटली. "जमलं?" "जमलं." दुपारी गाडी माल भरून गेली. मी फाटकापर्यंत बघत राहिलो.

मंगळवार, १२

वाढलेलं ताट तसंच सरकवलं.

बुधवार, १३

वहिनी ओट्याशी उभी राहून चीज खात होती. डब्यावरच्या खेपेच्या आकड्याकडे लक्ष गेलं. तोच! रविवारी वहीत मीच लिहिलेला. फटका मारून तिच्या हातातला चमचा पाडला.

दादा धावत आला, वेड लागलं का म्हणून ओरडला. मी म्हटलं, वास येतोय. वहिनी म्हणाली, "दोन दिवस खातेय, मला नाही आला. भाऊजी, तुमचं नाकसुद्धा तापटच!" आणि हसली. डबा निम्मा रिकामा होता.

आपल्या घरासाठी हात कसा झटकन उठला! बाकीच्या घरांसाठी चार दिवस एक फोन करवला नाही. आरशात बघायची लाज वाटते.

गुरुवार, १४

सकाळी तिला सांगितलं. झाकण, वाफ, पेन – मेकॅनिकसुद्धा. वहिनीच्या डब्याचं तेवढं नाही. चोर म्हणेल, या भीतीने.

ती बाटल्यांकडे बघत ऐकत होती. मग वहीतली ती पट्टी उचकटून पालथी केली. पेनाची शाई मागे फुटली होती. "सोनं असं मागे उतरत नाही," म्हणाली. रेघ बघून सोमवारी सकाळीच तिला शंका आली; मी यायच्या आधी पट्ट्यांचा नवा डबा फोडून तिने तेच पाणी पुन्हा तपासलं होतं. दोन्ही रेघा उमटल्या! ती खेप तेव्हापासून शीतगृहात कुलपात आहे. गाडीतून गेली ती दुसरी.

म्हणजे चार दिवस तिला ठाऊक होतं. माझं ते "जमलं" ऐकतानाही.

"तू आपणहून सांगतोस का, बघत होते," ती म्हणाली. "त्यातला एकही डबा बाहेर गेला नव्हता, म्हणून थांबता आलं."

गुरुवार, दवाखान्यात

एक गेला होता. तिला सांगितलं. दादालाही. आत डॉक्टर वहिनीला विचारताहेत, काय खाल्लं, किती खाल्लं.