न भेटलेल्या अशिलास समई

मी, कमळाकर यशवंत टिपणीस, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी वकिली, हल्ली आरामखुर्ची, राहणार टपाल नाका, पनवेल, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. उजवा पाय गेल्या पावसाळ्यापासून कामातून गेला आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर काशिराम दिघे यांनी तसा दाखला दिला आहे. दाखला देताना ते हसले, याची मी नोंद घेतली आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. ती करू शकणारी एकच व्यक्ती या घरात होती, माझी पत्नी चंद्रावती, आणि ती चार वर्षांपूर्वी गेली. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे, रागाच्या भरात केलेली धरून, रद्द समजावीत.

कलम १. राहते घर माझा पुतण्या जगन यास द्यावे. आम्हांस मूल झाले नाही. जगनला आम्हीच वाढवले, वकिलीची सनद मिळेपर्यंत मीच शिकवले. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. परसातला शेवगा शेजारच्या भगवानरावांच्या बाजूला झुकला आहे. शेंगा त्यांना तोडू द्याव्यात, मात्र विचारून. माझ्या हयातीत त्यांनी एकदाही विचारले नाही, आणि वर माझ्याच ओटीवर बसून आमटीचे कौतुक सांगितले.

कलम २. पोस्टातली शिल्लक आमच्या घरी कामाला असलेल्या गोदूला. चंद्रावतीच्या आजारपणात तिने जे केले ते सख्ख्या बहिणीनेही केले नसते. जगनने यावर तोंड वेंगाडू नये.

कलम ३. कायद्याची पुस्तके जगनला. काळा कोट त्याला खांद्यात सैल होईल, तो कोणा गरजूला द्यावा. माझे मुद्दे तर जगन आधीपासूनच वापरतो, आणि तेही माझ्याविरुद्ध. त्याचा खुलासा पुढे येईल.

कलम ४. ओटीवरचा शिसवी बाक कौलांचे व्यापारी खलीलभाई मुल्ला यांना द्यावा. पनवेलात एवढी वर्षे माझ्याशी रोज भांडून रोज परत येणारा हा एकच माणूस. नमाज आटोपून ते यायचे आणि त्याच जागी बसून म्हणायचे, "वकीलसाहेब, कुंभाराशिवाय मडकं होतं का? मग ही दुनिया बिनमालकाची कशी?" मी म्हणायचो, "मग तुमच्या मालकाला कोणी घडवलं, तेवढं सांगा आणि चहा घ्या." ते म्हणायचे, "त्याच्याहून मोठं काही सुचतच नाही, एवढी मोठी गोष्ट नसेल कशी?" मी म्हणायचो, "नुसत्या सुचण्यावर हक्क शाबीत झाला असता, तर अर्धं पनवेल माझ्या नावावर असतं!" आतून चंद्रावतीच्या बांगड्या वाजायच्या. चहा यायचा, पण ती बाहेर येत नसे. मुंबईहून सुट्टीला आलेला जगन हे सगळे ऐके आणि टाळ्या देई. मला त्या टाळ्या फार गोड लागत. आज वाटते, त्या वयात मी त्याला दुसरे काहीतरी शिकवायला हवे होते.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी राहू द्यावे.

मौजे तळवाडे येथील खाडीकाठचा श्री बापदेव हा माझा अशील. कायद्यात देव ही व्यक्ती असते, तिच्या नावावर जमीन असते, आणि ती जन्मभर अज्ञान, म्हणजे वयात न आलेली, समजली जाते. म्हणून तिच्या वतीने देवस्थानाचा कारभार पाहणारा वहिवाटदार भांडतो. वहिवाटदार होता तुळशीराम. शेजारच्या मिठागरवाल्याने बांध सरकवून देवाची खाजण जमीन घशात घातली होती. मी तुळशीरामला पहिल्याच दिवशी सांगितले, "बाबा रे, मी देव मानत नाही." तो म्हणाला, "नका मानू सायेब. देव हाय का नाय त्ये मागनं बघू, आमची जमीन मातर हाय."

मिठागरवाल्याचे वकीलपत्र जगनने घेतले. आणि कैफियतीत पहिलाच आक्षेप काय घेतला? वादी अस्तित्वातच नाही! असल्यास वादीने शाबीत करावे! अहो, ओटीवरचे माझे एकूण एक वाक्य त्याने न्यायाधीशांसमोर म्हणून दाखवले. मुद्दे माझे, आवाज त्याचा. मी ऐकत उभा, आणि मनात म्हणतोय, शाब्बास, लेका.

मग माझी पाळी आली. तळवाड्याच्या बायका आल्या होत्या, त्यांच्यात मागे चंद्रावतीही बसली होती. माझे डोके तापले होते. मी म्हणालो, कुठल्याही जमिनीचा हक्क पाहा. आजच्या धन्याला तो मागच्याकडून आला, मागच्याला त्याच्या मागच्याकडून. ही साखळी कुठेतरी अशा धन्यापाशी थांबली पाहिजे, ज्याला कोणी दिले नाही. ती थांबतच नसेल तर आज कोणाच्याच हातात काही नसते. मी म्हणालो, प्रतिवादीच्याच मिठागरात जा. खारे पाणी, ऊन, वारा, तिघांना अक्कल नाही. तरी मिठाचा खडा चौकोनी होतो, हजार खडे तसेच होतात. हा नियम कोणाचा? जगनने उठून म्हटले, "नियम आहे म्हणून नेमणारा आहे, हे कशावरून?" मी म्हणालो, "आणि नाही हे कशावरून? पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वहिवाट आहे, त्याला खोटं पाडण्याचा बोजा तुमच्यावर!"

न्यायाधीशांनी दोघांनाही गप्प बसवले. देव आहे की नाही हा मुद्दा या कोर्टापुढे नाही, कायद्याला मूर्ती पुरेशी आहे, असे म्हणून त्यांनी पुढे देवाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे माझे सगळे बोलणे फुकट गेले होते.

एका माणसाच्या बाबतीत ते फुकट गेले नाही. घरी आलो तर चंद्रावतीने वालाचे बिरडे केले होते. वाढताना तिचे डोळे भरले होते. "किती छान बोललात हो," म्हणाली, "मला वाटायचं, तुमच्या मनात काहीच नाही." ती वकिली होती, हे माझ्या ओठांवर आले होते. बिरडे गरम होते, मी जेवलो. खरे सांगू तर त्या घटकेला ती नुसती वकिली होती की नाही, हे मलाच नक्की ठाऊक नव्हते. आजही नाही.

शेवटच्या आजारात तिने एकच मागितले. "अशिलाला एकदा तरी भेटून या. इतकी वर्षं त्याची बाजू मांडलीत, तोंड कसं ते पाहिलं नाहीत." मी म्हणालो, "तू बरी हो, दोघं जाऊ." ती बरी झाली नाही. खरे तर आधीच जाता आले असते. पण टिपणीस वकील देवळात गेला, असे सारे पनवेल म्हणेल याची मला लाज वाटत होती. कसली डोंबलाची लाज!

ती गेल्यावर एकदा तळवाड्याला गेलो. तुळशीरामने विहिरीवर पाय धुवायला पाणी दिले. पायरीशी उभा राहिलो. आत अंधार होता, शेंदराचा एक ठिपका दिसत होता. काय बोलावे ते सुचेना. जन्मभर जिभेवर पोट भरलेला मी! तुळशीराम हळूच म्हणाला, "जावा ना सायेब, कोन नाय आत." मी मागे फिरलो. पुढच्या खेपेला जाऊ म्हटले, आणि मग पाय गेला. या एका गोष्टीची रुखरुख मला रोज आहे, आणि तिच्यावर उपाय उरलेला नाही.

कोर्टात समोरच्याला न बोलावता दिलेल्या निकालाला आम्ही एकतर्फी म्हणतो, आणि तसा निकाल फिरवून मागता येतो. माझ्या अशिलाबद्दल मी जन्मभर एकतर्फी निकाल देऊन बसलो.

कलम ६. चंद्रावतीच्या माहेरची पितळी समई श्री बापदेव, मौजे तळवाडे, यांस, ते अस्तित्वात असल्यास, द्यावी. ती जगनने स्वतः नेऊन पोचवावी, दुसऱ्याच्या हाती पाठवू नये. देव अज्ञान असल्याने पोच तुळशीरामने द्यावी. जो अस्तित्वातच नाही त्याला दिलेले दान रद्द ठरते आणि समई वारस म्हणून जगनकडेच राहते, हे जगनला ठाऊक आहे. मीच शिकवले आहे. बाळ जगन, तुला तो आक्षेप घ्यायचा असेल तर खुशाल घे. पण पायरी चढून, आत जाऊन, समोरच्याच्या तोंडावर घे. मला ते जमले नाही.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

सही: क. य. टिपणीस

साक्षीदार:
१. डॉ. काशिराम विश्राम दिघे, पनवेल
२. खलील इब्राहिम मुल्ला, कौलांचे व्यापारी, पनवेल

खलीलभाईंना बाक मिळणार असला तरी हिंदूच्या मृत्युपत्राला लाभार्थ्याची साक्ष चालते.

मुक्काम पनवेल, तारीख १४ नोव्हेंबर १९५९

दुरुस्ती: कलम ६ मधील "ते अस्तित्वात असल्यास" हे शब्द मी सही करण्यापूर्वी स्वतःच्या हाताने खोडले आहेत व बाजूला आद्याक्षरे केली आहेत. खोडण्याचे कारण लिहिण्याचे कायद्याने बंधन नाही. खलीलभाईंनी विचारले, तेव्हा एवढेच सांगितले की तिची समई अशी अट घालून पाठवलेली चंद्रावतीला आवडली नसती.

क. य. टि.