तुझ्या लेकीने चिठ्ठ्या वाचवल्या त्याबद्दल

तीर्थरूप दादास, धाकटीचा नमस्कार. (कंबर धरलीय, तेव्हा वाकले असं समज.) तुझी धाप कमी झाली का? वहिनीची कुरकुर विचारत नाही, ती कमी व्हायची नाही.

पत्र तुझ्या लेकीबद्दल आहे. चार दिवस माझ्या लाँड्रीत मळक्या कपड्यांच्या ढिगावर बसून आहे, अन्नाला शिवत नाही. तिचं काम काय ते तुला कधी कळलं नाही, मला आता कळलंय. कॉम्प्युटरच्या तारेतून निरोप येतात ते पुड्या-पुड्यांनी. कुठली पुडी कधी आली, ते आतलं कार्ड एका फळीवर टिपतं. ड्रायव्हर (गाडीचा नव्हे, कार्ड चालवणारा प्रोग्राम, तो लिहिणं हेच हिचं काम) ते उतरवून प्रत्येक पुडीला चिठ्ठी लावायचा, कुणी वाचो न वाचो. तुझी लेक म्हणाली, फुकट कशाला लिहायचं? ज्याला हवं त्याने विचारावं, तेव्हा फळीवर बघून सांगू. काम पळायला लागलं, साहेबाने पाठ थोपटली. मीही शहाणी, दुकानात कपड्यांना चिठ्ठ्या टाचणं बंद करणार होते.

पण फळीवर घरं मोजकी. नवी पुडी आली की जुनं पुसून तिथेच लिहितात. विचारणारा उशिरा आला की मागच्या पुडीला पुढच्या पुडीची वेळ चिकटते. हे हिला सुचलं नाही, साहेबाला नाही. (मला सुचलं असतं, पण मला विचारतो कोण.) आणि हा ड्रायव्हर गेला दवाखान्यात, पेशंटच्या छातीचे ठोके पडद्यावर दाखवायला. एका म्हाताऱ्याचे ठोके अडखळले, त्यांच्या पुड्यांवरच्या वेळांचा मेळ बसेना म्हणून यंत्राने ते टाकूनच दिले. गजर वाजलाच नाही. चादर बदलायला आलेल्या नर्सला ओठ निळे दिसले म्हणून माणूस वाचला.

चूक कुठली ते फक्त हिला नि साहेबाला ठाऊक. साहेब म्हणतो, लाखात एकदा होतं, पुढे हळूच बदलू, तोंड उघडलंस तर घरी बस. मी म्हटलं, अगं, लाखातला तो एक कुणाचा तरी बाप असणारच ना! तर ढसाढसा रडायला लागली. मी समजूत काढायला गेले की असंच होतं.

तुझी बहीण

ता.क. रडून झाल्यावर उठली, तोंड धुतलं, दवाखान्यात जाऊन सगळं सांगून आली. नोकरी गेली. जेवली मात्र पोटभर.

ता.क. आणखी एक. असलेच पडदे तुझ्या ऑपरेशनच्या दवाखान्यात आहेत. त्यांनाही तिने कळवलं, ते म्हणतात कंपनीला विचारून बघतो. तू तारीख पुढे ढकल. फोनवर तू पहिल्या वाक्यालाच ओरडतोस, म्हणून लिहिलं. तुला सांगायची तिची हिंमत नाही. नोकरी घालवली म्हणून तिच्यावर रागवायचंच असेल, तर आधी जिवंत राहा, मग सावकाश रागाव.