गेल्या भेटीबद्दल आभार

स्वेनबोर, १७ जून १९६४

प्रिय एडेल,

सप्रेम नमस्कार. तुझी पाठ आता बरी असेल. यंदा बटाटे लवकर निघाले, थोडे तुला पाठवणार होते.

काल दुकानात औषधवाल्यांच्या लासेनबाई आल्या. एरवी मासा बोटानं दाबून बघतात आणि नाक मुरडतात. काल मात्र दारातूनच म्हणाल्या, गेल्या भेटीबद्दल आभार हो! मी सवयीनं म्हटलं, तुमचेही आभार. कुणी असं म्हटलं की आपण आधी उलट आभार मानतो, भेट कुठली ते मागून आठवतो. मी मासा कापता कापता आठवत होते. नाताळानंतर दुकानाबाहेर आमची गाठच नव्हती.

मग त्याच म्हणाल्या, एवढ्या माणसांत तुम्ही कुठे बसला होतात दिसलंच नाही. पण युटे नवरी म्हणून काय शोभत होती! आणि तिच्या आईनं रचलेलं ते गाणं! मासळीच्या पेटीत लपून झोपलेल्या पोरीचं कडवं तर सगळ्यांनी दोनदा म्हटलं.

एडेल, लेकीचं लग्न शरदात ढकललंय असं तू मला कळवलं होतंस, गाणं मात्र माझ्याकडून आत्ताच लिहून घेतलंस. ती पेटी माझ्या दुकानातली. तू क्षयाच्या दवाखान्यात होतीस ती चार वर्षं युटे माझ्या कुशीत झोपली. लासेनबाईंना मी म्हटलं, हो, सगळं छान झालं. बोटाला सुरी लागली तेही त्यांनीच दाखवलं.

काय झालं ते खरं लिही.

तुझी,
वाल्बोर

ओडेन्से, १९ जून

प्रिय वाल्बोर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आल्यापासून कशात लक्ष लागत नाही. बोट कसं आहे?

रागावू नकोस, समक्ष सांगणार होते. आपल्या जावयाचे, फ्लेमिंगचे वडील हेडमास्तर. ती माणसं घरच्या सुनांनासुद्धा अहो-जाहो करतात. साखरपुड्याला तू त्यांच्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालीस, अरे, तुझं ताट रिकामं कसं? नंतर त्यांच्या बाई मला हळूच म्हणाल्या, तुमच्या बहीणबाई अगदी मोकळ्या आहेत, नाही? त्या मोकळेपणाचा अर्थ मला तिथेच कळला. युटेला त्या घरात जन्म काढायचा आहे. एका दिवसाचा तर प्रश्न होता. गाण्याखाली तुझं नाव घातलं असतं तर तू कुठे आहेस म्हणून सगळ्यांनी विचारलं असतं.

युटेला वाटतंय तू आजारी होतीस. तिला काही बोलू नकोस. तू नेहमी मला सांभाळून घेतलंस, आताही घे. माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी,
एडेल

स्वेनबोर, २२ जून

श्रीमती एडेल होल्स्ट यांस,

स. न. वि. वि. आपले पत्र पोचले. बोट बरे आहे.

काल रविवारी आपली कन्या पतीसह येऊन गेली. आजारी मावशीसाठी डब्यात सूप आणले होते. मी अंगणात चादरी वाळत घालत होते. फाटकाशीच थबकून म्हणाली, तू तर ठणठणीत आहेस! आपल्या सूचनेप्रमाणे मी गप्प राहणार होते. पण तिने विचारले, मग आली का नाहीस, मी चर्चमध्ये सारखी मागे वळून बघत होते. तेव्हा मी आपले पत्र तिच्या हाती दिले.

ती पायरीवर बसून वाचत होती. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा तिने बोट ओळींवरून फिरवले, लहानपणी फिरवायची तसे. जावईबापूंनी तिच्या खांद्यावरून ते वाचले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, मावशी, चादरीचं दुसरं टोक दे. त्यांनी मला 'तू' म्हटले, हे आपल्या माहितीसाठी.

माझ्या बोलण्याची आपल्याला लाज वाटते, असे सरळ सांगितले असते तर मी आपणहून घरी राहिले असते. गाणेही पाठवले असते.

आपल्या पाहुण्यांत चालेल अशा रीतीने लिहिण्याचा माझा हा पहिलाच प्रयत्न. काही चुकले असल्यास कळवण्याची तसदी घेऊ नये.

आपली,
वाल्बोर क्रो