एका हाताची सवय

ख्मून, पुराचा तिसरा महिना, दिवस चौथा

ती. तामितताईस हेपूचा सा. नमस्कार. आयुष्य, भरभराट, आरोग्य लाभो.

केफीला थोथदेवाच्या देवळात पोचवून पंधरा दिवसांत परततो म्हणालो होतो, पाच महिने झाले. आपला हा बबून माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खातच नाही. वाटेत चोरांनी पळवू नये म्हणून जनावराला एकाच हाताची सवय लावायची, ही तुझीच शिकवण! आता मुख्य पुजारी म्हणतात, देवाचं वानर ज्याच्या हातचं खातं तो माणूसही देवाचाच. ते जिवंत असेतो मला देवळाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

खोलीत ऊन येत नाही. केफीचे पाय वाकलेत. पहाट झाली की तो भिंतीकडेच तोंड करून सूर्याला हात उंचावतो. मला घरी यायचंय गं.

तुझा (तुझ्याच मते) दीडशहाणा,
हेपू

स्वेनेत, पुराचा चौथा महिना, दिवस दुसरा

चि. हेपूस अनेक आशीर्वाद.

रडूबाई, ऐक. तुझा न धुतलेला पंचा तुझ्या जागी येणाऱ्या नव्या माणसाच्या खांद्यावर टाक. दूम ताडाची फळं आधी तुझ्या मुठीत धर, मग त्याला भरवायला दे. चार दिवसांत हात बदलतो. गिऱ्हाइकाला मी हे कधी सांगत नाही.

आई तुझ्या वाटणीची सुकी मासळी रोज बाजूला काढते आणि ती उरली की मलाच रागावते. खोपटात तीन नवी वानरं आहेत, ती माझ्या हातावर तयार झाली. पाणी ओसरायच्या आत निघ.

वाट बघणारी,
ताई

ख्मून, पेरणीचा पहिला महिना, दिवस नववा

ती. ताईस सा. नमस्कार.

युक्ती साधली. केफी नव्या माणसाच्या हातचं खातो, मला जायची मोकळीक मिळाली. पण महिनाभर मी त्याला चोरून पाठीवर घेऊन गच्चीवर उन्हाला नेत होतो. नव्या माणसाला विनवलं, तर म्हणतो, भरवणं एवढंच माझं काम. केफीला आता उभंही राहवत नाही. मी घाटावरून मागे फिरलो. होडी गेली.

आईला काहीतरी खोटं सांग. इथे आणखी जनावरं पाठवू नकोस.

माया आटू देऊ नकोस,
हेपू

स्वेनेत, पेरणीचा दुसरा महिना, दिवस पहिला

चि. हेपूस अनेक आशीर्वाद.

आईला खरं तेच सांगितलं. ती खूप रडली, मग म्हणाली, माझाच मुलगा तो.

काल तुझ्या देवळाचा माणूस वानरं न्यायला आला होता. त्याला नाही म्हटलं. तो गेल्यावर तिघांचे दोर कापले, दार सताड उघडलं आणि म्हटलं, जा रे बाबांनो.

आज दुपार झाली. तिघंही दारातच बसलीत, माझ्या हाताकडे बघत.

तुझी,
ताई